कोरडं ते कुरकुरतं

रविवार, ३ मार्च. सकाळ.

आजपासून रोजनिशी. दुकान बंद केल्यापासून हातांना काम नाही, निदान पेनाला तरी असावं. ही वही कुणी वाचायची नाही. बायको वाचणार नाही याची खात्री आहे, कारण हिचा चष्मा हल्ली नाकावर ठरत नाही. त्याच्या काड्यांना मीच तेल घातलं होतं. आता काड्या कशा लोण्यासारख्या हलतात.

संकल्प. एक: गाडीचं सगळं घरी करायचं, गॅरेजची पायरी चढायची नाही. दोन: चहात साखर अर्धा चमचा. तीन: जावयाशी वाद घालायचा नाही.

रविवार म्हणजे तेलाचा दिवस. फाटक, दारं, खिडक्या, सायकल झाली. शेवटी गाडी. जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. कुणापाशी शिकलो नाही, मशिनांनीच शिकवलं. मशीन कुठलंही असो, त्याची भाषा एकच. कोरडं ते कुरकुरतं. गाडीला हवा गाळणारा फिल्टर असतो हे मला गेल्या महिन्यात कळलं. डबा उघडून बघतो तर आत कागदाच्या घड्या. ठणठणीत कोरड्या! इतक्या वर्षांत एकाही गॅरेजवाल्याला त्या बिचाऱ्याच्या तोंडात थेंब घालावासा वाटला नाही. तेव्हापासून दर रविवारी कुप्पीभर घालतो. आता कसा टवटवीत दिसतो.

ही म्हणाली, अहो, कागदाला कुणी तेल घालतं का? म्हटलं, अगं, मशीन तुझं नाही, माझं ऐकतं.

चहात साखर दोन चमचे. संकल्पाचा पहिला दिवस, एकदम कमी केली तर शरीर दचकतं.

सोमवार, ४ मार्च

गाडी अडखळली. चौकात सिग्नल हिरवा झाला, मी पाय दाबला, आणि गाडी विचारात पडली. जावं की राहू द्यावं. मागे हॉर्नचा गलका. मग एकदम आचका देऊन अशी उडाली की हिच्या मांडीवरची टोमॅटोची पिशवी माझ्या पायाशी.

हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, पेट्रोलमध्ये भेसळ. आवाजावरून कळतं.

मंगळवार, ५ मार्च

पंप बदलला. इथला माणूस सज्जन, काचही पुसून देतो. गाडी अडखळतेच. म्हणजे भेसळ दोन्हीकडे आहे. दिवस वाईट आलेत.

बुधवार, ६ मार्च. दुपार.

आज घरात मोठी गोष्ट घडली. अक्कांचा फोन आला.

अक्का म्हणजे हिची मोठी बहीण. घाटाच्या वर, डोंगरावरच्या गावात एकट्या राहतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बोलणंही तसंच, उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. २३ तारखेला दवाखान्यातून सोडणार. नंतर दोन-तीन महिने एकटीने राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ही केव्हापासून मागे लागली आहे, आमच्याकडे ये. अक्कांचं एकच, मी कुणाच्या घरात पाय पसरून बसणार नाही, वरच्या शुश्रूषागृहात नाव घालते.

आज ही फोनवर रडली. तेव्हा अक्का म्हणाल्या, बरं, एक अट. भावोजींची गाडी दवाखान्याच्या दारात आली तर येईन. टॅक्सी नको, जावयाची गाडी नको. भावोजींचीच. नाही आली तर शुश्रूषागृह, आणि मग रडायचं नाही.

मागे दोनदा त्यांना आणायला निघालो होतो आणि दोन्हीदा अर्ध्या घाटातून परत आलो, त्याचा हा टोमणा. पण पहिल्यांदा धुकं होतं. दुसऱ्यांदा धुकं नव्हतं, पण येईल असं वाटत होतं.

मी रिसीव्हर हातात घेतला आणि सांगितलं, अक्का, २३ तारखेला सकाळी दहाला दारात हॉर्न वाजवतो. अक्का म्हणाल्या, बघू. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीच्या कडीला उगाच तेल घातलं.

खिडकीजवळची खोली अक्कांना द्यायची ठरलं. हिने लगेच शिलाईचं मशीन उघडलं, त्यांच्या गुडघ्याखाली ठेवायला उशी शिवतेय.

गुरुवार, ७ मार्च

स्पार्क प्लग बदलले. चारही. स्वतः. हात थोडा भाजला. गाडी अडखळते, पण आता त्या अडखळण्यात एक शिस्त आली आहे. सुधारणा आहे.

शनिवार, ९ मार्च

मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई कॉम्प्युटरमधला. माणूस सोन्यासारखा, पण कान वापरत नाही. मी बॉनेटला कान लावून इंजिन ऐकत होतो, तर याने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली, स्टिअरिंगच्या खाली खोचली आणि मोबाइल बघत बसला. म्हणे, दिवा बघा बाबा. खरंच, समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागलेला होता. मला वाटायचं ती शोभा आहे.

मोबाइल म्हणाला, हवा मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग चुकतंय.

जावयाने समजावून सांगितलं. वाद घातला नाही, ऐकून घेतलं. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर, फिल्टरच्या लगेच पुढे, एक केसासारखी तार असते. ती तापवलेली असते. वारा लागला की गार होते. किती गार झाली यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, हवा किती आत आली, आणि तो त्या मापाने पेट्रोल सोडतो. तारेला चुकीचं कळलं की पेट्रोलचं माप चुकतं आणि गाडी आचके देते. छान सांगतो हं. माझ्या मुलीची निवड आहे. शेवटी म्हणाला, म्हणून बाबा, ती तार कायम...

पुढचं नीट लक्षात नाही. त्याने काही दाखवायला लॅपटॉप उघडला होता आणि त्याच्या बिजागरीतून कर्र असा आवाज आला. माझं सगळं ध्यान तिकडे. दोघं हात धुवायला गेली तेवढ्यात बिजागरीला चार थेंब. न सांगता. प्रेम असंच करावं.

जाताना म्हणाला, गॅरेजमध्ये दाखवा, पाच मिनिटांचं काम असेल. मी मान हलवली. मनात म्हटलं, पाच मिनिटांचं काम परक्याला कशाला द्यायचं?

निदान: सेन्सर आखडलाय.

रविवार, १० मार्च. तेलाचा दिवस.

डबा उघडला. फिल्टरला नेहमीची कुप्पी, शिवाय जास्तीची अर्धी, कारण प्रसंग मोठा आहे. मग पुढच्या नळीत वाकून बघितलं आणि सापडली ती तार! नाजूक. अगदी शिलाईच्या सुईची धाकटी बहीण. लांब चोचीच्या कुप्पीने बरोबर नेम धरून तिच्यावर एक थेंब. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिची विचारपूस केली असेल.

संध्याकाळी फेरी मारली. गाडी आधी विचारात पडायची, आता चिंतनात जाते. तेल मुरायला वेळ लागतो.

जावयाचा फोन. लॅपटॉपचं झाकण उभं राहत नाही म्हणे, धप्पकन आडवं पडतं. बिस्किटाच्या डब्याला टेकवून काम करतोय. हल्लीच्या वस्तूंना दम नाही.

सोमवार, ११ मार्च

ही हल्ली सकाळी फिरायला जाते. अक्का येणार म्हणून हुरूप आला असावा. परत येते तेव्हा दमलेली, खांदे दुखतात म्हणते आणि हातांना रबराचा वास येतो. म्हटलं, कुठे जातेस एवढं? म्हणाली, मोकळ्या मैदानावर, गोल गोल. असो. व्यायाम चांगला.

गाडीचा विषय निघाला. ही म्हणाली, तुम्ही हात लावायच्या आधी बरी होती. बायकांचं निरीक्षण असं वरवरचं असतं.

मंगळवार, १२ मार्च

रात्रभर विचार केला. हवा मोजणाऱ्याला तेल मिळालंय, तो आता खोटं बोलणार नाही. म्हणजे कटात दुसरा कुणीतरी सामील आहे. मोबाइलवर वाचलं, सायलेन्सरच्या नळीत धूर हुंगणाराही एक सेन्सर असतो. सापडला चोर! भंगारवाल्याकडून तसाच एक आणला. गाडीखाली झोपून जुना काढला, नवा बसवला. पाठ धरली. गाडी तशीच.

धूर हुंगणाऱ्याचा दोष नव्हता तर. पण इतकी वर्षं धूर हुंगून त्याला विश्रांती हवीच होती.

ही पाठीला बाम चोळताना म्हणाली, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. म्हटलं, रेडा कोण? ही म्हणाली, ते तुम्ही ठरवा.

गुरुवार, १४ मार्च

हिच्याबरोबर किराणा आणायला गेलो, तर दुकानासमोर गॅरेजवाली भेटली. आमच्या रस्त्याच्या टोकाला तिचं गॅरेज, वडलांमागे तीच चालवते. आवाज असा की तिच्या गाड्यांना हॉर्न लागत नसावेत. लांबूनच ओरडली, काका, तुमची गाडी लंगडी घालते म्हणे! सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. रस्त्यात दिसलं असेल.

म्हणाली, आणून टाका, बघते. मी म्हटलं, तुझ्या आईचं मशीन मी दुरुस्त करायचो तेव्हा तू रांगत होतीस. म्हणाली, हो, आणि आईच्या सगळ्या ब्लाउजवर तेलाचे डाग असायचे. जुनी आठवण निघाली की बरं वाटतं.

मग तिने विचारलं, काका, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? मी अभिमानाने सांगितलं, बदलायची वेळच येऊ देत नाही, मी त्याची निगा राखतो. गॅरेजवालीने हिच्याकडे बघितलं. हिने आभाळाकडे बघितलं. ऊन होतं, पाऊस-बिऊस काही नव्हता.

दोघींची चांगली ओळख दिसते.

शुक्रवार, १५ मार्च

उशी शिवून झाली. हिने मला गुडघ्याखाली ठेवून बघायला लावली. अक्कांच्या खोलीला नवा पडदा. दाराला मी तेल घातलं, ते आता कुठेच थांबत नाही, वाऱ्याने आपणहून उघडतं आणि मिटतं. ही त्याला वीट लावून ठेवते.

जेवताना म्हणाली, लहानपणी मला ताप आला की अक्का शाळेला दांडी मारून उशाशी बसायची. आता माझी पाळी. मग ताटावरून उठून उशीची शिवण पुन्हा एकदा बघून आली.

गाडी नीट झालीच पाहिजे.

रविवार, १७ मार्च. संध्याकाळ.

विजय!

सकाळी डबा काढून फिल्टरला तेल घालत होतो. यावेळी दोन कुप्प्या. घालतो तर पुरतं घालावं. तेवढ्यात हिने आतून हाक मारली, गॅस संपला, सिलिंडर लावून द्या, कुकर अर्ध्यावर आहे. घाईघाईत डबा बंद केला आणि आत पळालो. दुपारी गाडी काढली आणि काय सांगू! पाय ठेवला की निघते. विचार नाही, चिंतन नाही. चौकात सिग्नलला सगळ्यात आधी मी. उड्डाणपुलाचा चढ वाऱ्यासारखा चढली.

अखेर तेल मुरलं. धीर धरणाऱ्याचं मशीन चालतं.

हिला एक चक्कर मारून आणली. उतरताना म्हणाली, हे कसं काय झालं? स्वरात आनंदापेक्षा संशय जास्त. घरातल्या माणसाचं कौतुक करायची सवय नसली की असं होतं.

पिवळा दिवा अजून लागलेलाच आहे. त्याला बातमी उशिरा पोचत असावी. त्याच्यावर बँडेजची पट्टी चिकटवली.

मंगळवार, १९ मार्च

अक्कांना फोन केला. सांगितलं, सामान बांधा. गाडी घोड्यासारखी पळतेय. अक्का म्हणाल्या, घोडा कुठल्या बाजूला पळतोय? विनोदी स्वभाव आहे. मी म्हटलं, अक्का, शब्द दिला म्हणजे दिला. त्यावर अक्का म्हणाल्या, माझी एक कुंडी आहे, लिंबाचं रोप, ती पण येईल. जागा असेल ना?

ही दाराआडून ऐकत होती. कुंडीचं ऐकल्यावर पदराने डोळे पुसत हसली. मला नाही कळलं, कुंडीत रडण्यासारखं काय. मग कळलं. माणूस कुंडी घेऊन निघतो म्हणजे राहायला येतो.

गुरुवार, २१ मार्च

रोज सकाळी गाडीची फेरी. अडखळण्याचं नाव नाही. जावयाला फोन करून सांगितलं, डबीपेक्षा अनुभव मोठा. तो म्हणाला, हो बाबा, पण दिवा लागतो का? म्हटलं, दिवा दिसत नाही. शंभर टक्के खरं.

चहात साखर अडीच चमचे. आनंदाचे दिवस आहेत.

शुक्रवार, २२ मार्च. संध्याकाळ.

बरं झालं, निघायच्या आधी सगळं एकदा डोळ्यांखालून घालायची मला सवय आहे!

बॉनेट उघडलं तर हवेच्या नळीजवळ एक काळी वायर लोंबकळतेय. टोकाला प्लग. नीट बघितलं, हवा मोजणाऱ्या सेन्सरचीच. त्या दिवशी सिलिंडरच्या घाईत लावायची राहून गेली असणार. म्हणजे इतके दिवस गाडी त्या सेन्सरशिवायच एवढी पळत होती! लावल्यावर काय पळेल! अर्धवट काम मला मुळीच खपत नाही. प्लगमध्ये एक थेंब तेल सोडलं आणि घट्ट बसवला. टक्क असा सुंदर आवाज झाला.

उद्याचा आनंद आजच झाला. लवकर झोपतो.

शनिवार, २३ मार्च. सकाळी सात.

निघतोय. हिने उशी, पांघरूण, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. पायांत बूट घातलेत. म्हटलं, बूट कशाला? म्हणाली, पकड चांगली असते. मी कुप्पी भरून सीटखाली ठेवली.

फाटकाबाहेर पडताना एक बारीकसा आचका. थंडीचा असावा.

त्याच दिवशी. दुपारी. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय.

क्रमाने लिहितो, म्हणजे गोंधळ होणार नाही.

घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीने नऊ आचके दिले. ही मोजत होती. मी म्हटलं, चढ लागला की मोकळी होईल. चढ लागला. पहिलं वळण कण्हत. दुसरं वळण थरथरत. तिसऱ्या वळणावर पाय खालपर्यंत दाबला तरी गाडी ढिम्म. मग एक मोठा उसासा टाकला आणि बंद. मागे घसरायला लागली. हिने हँडब्रेक ओढला. माझ्या आधी. कुठे शिकली कोण जाणे.

मी उतरलो, बॉनेट उघडलं, कुप्पी काढली. मागे वळून बघितलं तर ही सीटवर बसलेली, उशी मांडीवर घट्ट धरून. ओरडली असती तर बरं झालं असतं. घड्याळात नऊ. वर अक्का कुंडी घेऊन दारात बसल्या असतील, की शुश्रूषागृहाच्या माणसाला बोलावलं असेल? हिचा चेहरा बघितला आणि कुप्पी उघडायचं विसरलो.

तेवढ्यात काय योगायोग! खालच्या वळणावरून गॅरेजवालीचा टोइंगचा ट्रक आला. नेमकी याच वेळी याच घाटातून चालली होती. म्हणाली, काका, सकाळपासून तुमच्याच मागे... म्हणजे मागून येत होते. ही म्हणाली, किती उशीर केलास गं. बहुधा एकंदर काळाबद्दल बोलत असावी.

गाडीची पुढची चाकं उचलून ट्रकला अडकवली. मी म्हटलं, मी स्टिअरिंगवर बसतो. गॅरेजवाली म्हणाली, काका, झोपाळ्यावर बसायचं वय गेलं, इकडे या. मग तिघं ट्रकच्या केबिनमध्ये. मागे माझी गाडी, नाक आभाळाकडे करून. दोघी वाटभर क्लच आणि गिअरबद्दल बोलत होत्या. बायका हल्ली कशावरही बोलतात.

दहाला पाच मिनिटं कमी असताना दवाखान्याच्या आवारात शिरलो. पोर्चमध्ये अक्का व्हीलचेअरवर. मांडीवर कुंडी, पायाशी बॅग. एक नर्स, आणि शेजारी शुश्रूषागृहाचा माणूस, सही घ्यायला पेन उघडून उभा.

मी ट्रकमधून उतरलो. अक्कांनी आधी ट्रककडे बघितलं. मग लटकणाऱ्या गाडीकडे. मग माझ्याकडे. हिने माझा हात धरला होता, इतका घट्ट की बोटं दुखली.

अक्का म्हणाल्या, गाडी भावोजींचीच का? मी म्हटलं, हो. अक्का म्हणाल्या, दारात आली का? मी म्हटलं, आली म्हणजे, आणली. अक्का म्हणाल्या, चालत यावी असं मी म्हटलं नव्हतं. मग पेनवाल्याला म्हणाल्या, मिटा ते. मी बहिणीकडे चालले.

ही खाली बसून अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. कुंडीतली थोडी माती हिच्या केसांत.

इथवर सगळं चांगलं.

मग गॅरेजवालीने आवाराच्या मधोमध बॉनेट उघडलं. फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर वर धरला. त्यातून थेंब पडायला लागले. टप. टप. टप. गॅरेजवालीने बोट लावलं, हुंगलं, आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरच्या पेशंटांनी खिडक्या उघडल्या. काका, हे शिलाई मशीनचं तेल! हा फिल्टर आहे की दिव्याची वात? मग तो सेन्सर बाहेर काढला. तारेवर तेल, तेलावर धूळ. म्हणाली, बिचारीला मिशा फुटल्यात. हिला वारा कळणार कसा? ही तार कायम कोरडी लागते, काका. कोरडी!

जावयाच्या वाक्यातला राहिलेला शब्द हाच असावा.

मी विचारलं, मग मधे पाच दिवस गाडी पळाली ती कशी? म्हणाली, प्लग सुटला होता ना? सेन्सर काही सांगेना म्हणून गाडीने अंदाजाने काम भागवलं. खोटं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. आणि तुम्ही परत जोडून दिलात. पुढे तिला बोलता येईना, हसू आवरेना. नर्सही हसत होती. पेनवालासुद्धा.

तिने एका डब्यातून सेन्सरवर फुस्स फुस्स फवारा मारला, वाळू दिला. ट्रकमधून नवा फिल्टर काढला. नेमका माझ्याच गाडीचा! आज योगायोगांचा दिवस. मी हिला म्हटलं, तुला ठाऊक होतं तर आधी का नाही बोललीस? ही म्हणाली, तीन मार्चला बोलले होते. आणि गॅरेजवालीने आधी साफ केला असता तरी तुमचा पुढचा रविवार आलाच असता.

गाडी सुरू झाली. आवाज नाही, आचका नाही. रेशमासारखी.

निदान मात्र माझंच बरोबर ठरलं. सेन्सरच होता.

त्याच दिवशी. संध्याकाळ. घरी.

एक गोष्ट लिहायची राहिली. गॅरेजवालीने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली नाही. हिच्या दिली. मी म्हटलं, अगं, हिला कुठे येते? दोघी हसल्या. मग कळलं ते सकाळचं फिरणं, मैदानावर गोल गोल, आणि हातांना येणारा रबराचा वास. गॅरेजवालीची गाडी होती. लायसन तर हिच्याकडे लग्नानंतरचंच आहे, मीच म्हणायचो, गाडीला एकाच हाताची सवय बरी.

मी अक्कांकडे बघितलं. म्हटलं, अक्का, अट होती ना, भावोजींची गाडी. अक्का म्हणाल्या, गाडी म्हटलं होतं. चालवणारे भावोजी हवेत असं कुठे म्हटलं?

मागच्या सीटवर अक्का, उशीवर पाय पसरून. पुढे हिच्या शेजारी कुंडी आणि वॉकर. मला जागा नाही. मी ट्रकमधून आलो. पुढे माझी गाडी वळणं घेत उतरत होती. गॅरेजवाली म्हणाली, काकू मस्त चालवतात, नाही? मी म्हटलं, गाडी माझ्या हाताखाली तयार झालीय. कुप्पी वाटभर मांडीवर होती.

सोमवार, २५ मार्च

काल रविवार गेला. गाडीला हात लावला नाही. हात शिवशिवत होते. अक्कांच्या खोलीच्या दारासमोर ही अजून वीट ठेवते. अक्का म्हणाल्या, या घरात सगळं आपोआप उघडतं, फक्त भावोजींचे कान सोडून. दोघी बहिणी हसत बसल्या. हिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं. ऐकत राहिलो.

नवे संकल्प. एक: कागदाला तेल नाही. दोन: तारेला तेल नाही. तीन: साखर पुढच्या महिन्यापासून.

रविवार, ३१ मार्च

तेलाचा दिवस. कुप्पी जागेवर नाही.

ही आणि अक्का गाडीतून गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या. फाटकात उभा राहून सिग्नलपर्यंत बघत होतो. दिवा हिरवा झाला आणि गाडी निघाली. नुसती निघाली. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. फाटक लावताना कुरकुरलं. घरभर कुप्पी शोधली.

सापडली. अक्कांच्या खिडकीत, लिंबाच्या रोपाशेजारी. आत पाणी. लांब चोच थेट मुळाशी पोचत असणार, थेंब वाया जात नाही. अक्कांनीच धुऊन घेतली असणार, साबणाचा वास येतोय. चांगली धुतलीय.

कुंडीत बोट घालून बघितलं. माती कोरडी. थोडं पाणी घातलं. वरची माती ओली झाली, पण आतलं काय सांगता येतं? आणखी घातलं. मग कुप्पी भरून आणली.

कुंडीखालच्या ताटलीतून पाणी ओघळून हिने शिवलेल्या उशीवर गेलं. पुसलं, पण कापूस आतपर्यंत भिजलाय. अक्का यायच्या आत वाळायला हवी. पंखा लावला.

पंखा कुरकुरतोय.